काम केलेल्या ओबीएमचं (बोटीच्या मागं लावायच्या मोटारीचं) टायमिंग: तपासायचं कुठून आणि हात कशाला लावायचा नाही

२०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यापासून बोट ही आपल्याकडे कोल्हापुरात हौसेची वस्तू राहिलेली नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. त्यापुढं चिखली-आंबेवाडीपासून खाली शिरोळपर्यंत कित्येक ठिकाणी रस्ता कुठला आणि नदी कुठली ते कळत नाही. अशा वेळी मोटार पहिल्या-दुसऱ्या दोरीला चालू झालीच पाहिजे. धारेत मोटार बंद पडली तर नुसत्या वल्ह्यावर बोट आवरत नाही.

जुनी दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटार घेतली, बोअर-पिस्टनचं काम करून घेतलं आणि आता ती दोरीला हिसका देते, कार्बोरेटरमधून फटाके मारते किंवा चालू होऊनही जोर धरत नाही, अशांसाठी हा लेख आहे. आमच्या गटाची ४० अश्वशक्तीची मोटार मालवणकडून सेकंडहँड आली. तिचं इंजिन उघडून परत बसवताना आणि नंतर इतरांच्या मोटारी बघताना जे हाताखालून गेलं, ते क्रमानं मांडतोय. फोर-स्ट्रोक इंजेक्शनच्या मोटारीत टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यांना यातलं फारसं लागू होणार नाही.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टायमिंग म्हणजे पिस्टन वर येताना स्पार्क नेमका कधी पडतो ते. पॉइंटच्या (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या) जुन्या मोटारीत पॉइंट झिजले की टायमिंग सरकतं. सीडीआयच्या (स्पार्क इलेक्ट्रॉनिक पेटीनं देणाऱ्या) मोटारीत लिंकेजच्या, म्हणजे थ्रॉटलच्या जोडदांड्यांच्या, बुशा सोडल्या तर झिजण्यासारखं काही नाही. इंजिनाच्या कामाआधी मोटार बरी चालत होती आणि कामानंतर टायमिंग चुकलंय, तर ते जोडताना चुकलंय. त्यामुळं ॲडजस्टमेंटच्या नटाला पाना लावण्याआधी जोडणी तपासायची. आधीच नट फिरवला, तर मूळ चूक तशीच राहते आणि तिच्यावर दुसरी चढते.

१. कागद आणि हत्यारं जमवा

मोटारीचा मॉडेल नंबर क्लॅम्पच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो. तो पूर्ण उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. त्याच नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. टायमिंगचे आकडे मॉडेलगणिक बदलतात. दुसऱ्याच्या मोटारीचा आकडा ऐकून आपली लावू नका. काम करणाऱ्या मिस्त्रींकडून काय काय बदललं त्याची यादी घ्या: क्रँक प्रेस केला (सुटा करून प्रेसवर परत जोडला) का, फ्लायव्हील (क्रँकच्या डोक्यावरचं मॅग्नेटचं जड चाक) तेच आहे का, स्टेटर (त्याखालच्या कॉइलची प्लेट) किंवा पल्सर (स्पार्कची वेळ सांगणारी छोटी कॉइल) बदलला का. खोलताना काढलेले फोटो असतील तर तेही काढून ठेवा.

हत्यारं अशी:

- फ्लायव्हील पुलर (बोल्टचा, तीन पायांचा नाही)
- टॉर्क रेंच
- डायल गेज आणि प्लगच्या आट्यात बसणारा अडॅप्टर
- पिस्टन स्टॉप
- टायमिंग लाइट आणि तिच्यासाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी
- स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज
- पाण्याचा मोठा ड्रम

डायल गेज विकत घ्यायची गरज नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीच्या टर्नरकडं हमखास असतं, तासाभरासाठी मागून आणा. अडॅप्टर आणि पिस्टन स्टॉपही जुन्या स्पार्क प्लगची चिनी माती फोडून तिथंच करून मिळतात. स्टॉपचं टोक पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं आणि गोल घासलेलं असू द्या. टोकदार लोखंडानं नव्या पिस्टनला खड्डा पडतो.

२. दुखणं टायमिंगचंच आहे ना, ते बघा

वर्षभर टाकीत राहिलेलं पेट्रोल ओतून द्या. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये दमट हवेचं पाणी शिरतं आणि खाली वेगळं बसतं. त्यावर मोटार अडखळली की लोक टायमिंगला धरतात. ताजं पेट्रोल, टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचं बोटीचं ऑइल. काम केलेल्या इंजिनाला सुरुवातीचे तास बहुतेक मॅन्युअल २५ ला १ प्रमाण सांगतात, म्हणजे लिटरला ४० मिली.

मग कॉम्प्रेशन. दोन्ही सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. मग स्पार्क: टेस्टरवर निळा, टणक स्पार्क ८-१० मिलीमीटरची फट ओलांडून गेला पाहिजे. इथं एक जपा. सीडीआयच्या मोटारीची प्लगवायर मोकळी सोडून दोरी ओढू नका, ती अर्थला (इंजिनाच्या धातूला) लावलेली असू द्या. उडी मारायला जागा मिळाली नाही की तो दाब कॉइल आणि सीडीआयच्या आत वाट शोधतो. आणि अजिबातच स्पार्क नसेल तर आधी किल स्विचची (मोटार बंद करणाऱ्या स्विचची) लाल दोरी जागेवर आहे का बघा.

क्रँककेसच्या जोडातून किंवा वरच्या सीलमधून हवा खेचली जात असेल तर मिश्रण पातळ होतं, आणि त्याची लक्षणं टायमिंग पुढं गेल्यासारखीच दिसतात. मोटार हळू चालत असताना जोडावर थोडं ऑइल सोडा. चाल बदलली तर गळती तिथं आहे.

३. पुढं गेलंय की मागं, हे लक्षणांवरून ताडा

टायमिंग पुढं गेलं असेल, म्हणजे स्पार्क लवकर पडत असेल, तर चालू करताना दोरी हातातून हिसकावून घेतली जाते. फुल थ्रॉटलला बारीक खडखड येते, पण पाण्याच्या आवाजात ती ऐकू येईलच असं नाही. प्लगच्या पांढऱ्या भागावर करडे, चमकणारे बारीक कण दिसतात. ते तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. असा प्लग दिसला की मोटार तिथंच थांबवा, पुढची पायरी पिस्टनला भोक पडण्याची असते.

टायमिंग मागं असेल तर मोटार गरीब वागते. सहज चालू होते, हळू बरी चालते, पण थ्रॉटल दिलं की बोट पुढून उठतच नाही. पेट्रोल जास्त खाते, एक्झॉस्ट तापतो.

हिसका देणारी मोटार पुन्हा पुन्हा ओढून बघू नका. मनगट दुखावतंच, शिवाय स्टार्टरचे कुत्रे (फ्लायव्हीलला पकडणारे खटके) तुटतात.

४. फ्लायव्हील काढा आणि चावी बघा

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त घोटाळा इथंच सापडला आहे, त्यामुळं इथं सावकाश चला.

दोन्ही प्लग काढा. नट सैल करा, पण आट्याच्या टोकापर्यंत ठेवा, म्हणजे फ्लायव्हील अचानक सुटून उडणार नाही. पुलरचे बोल्ट फ्लायव्हीलच्या मधल्या तीन आट्यांत लावा. कडेला पाय अडकवून ओढू नका आणि कडेवर हातोडा मारू नका: आतले मॅग्नेट चिकटवलेले असतात, ते तडकतात किंवा सुटतात. टेपर सुटताना बंदुकीसारखा आवाज येतो, दचकू नका.

आता चावी. क्रँकच्या खाचेत बसलेली ही अर्धचंद्राकृती चावी फ्लायव्हीलची जागा ठरवते, एवढंच तिचं काम. ताकद टेपर, म्हणजे क्रँकचं निमुळतं टोक आणि फ्लायव्हीलचं तसंच भोक, घेतो. टेपर नीट बसला नसेल तर ती ताकद चावीवर येते आणि चावी कापायला लागते. पूर्ण कापली तर लगेच कळतं, कारण मोटार चालतच नाही. अर्धवट कापली तर महिनोन् महिने फसवते. चावी पक्कडीनं बाहेर काढा, उजेडात बाजूनं धरा आणि सपाट अंगावरून नख फिरवा. मधोमध केसाएवढी पायरी नखाला लागली तरी चावी गेली.

एवढ्याशा पायरीनं काय होतं, त्याचा हिशोब करून बघा. टेपरचा व्यास २२ मिलीमीटर धरला तर परीघ ६९ मिलीमीटर येतो, म्हणजे एक मिलीमीटर सरकलं की ५ अंशांहून जास्त फरक. अर्धा मिलीमीटर म्हणजे अडीच अंश. पुष्कळ मोटारींचं फुल ॲडव्हान्स (फुल थ्रॉटलला पिस्टन पूर्ण वर येण्याआधी किती अंशांवर स्पार्क पडतो ते) २० ते ३० अंशांच्या दरम्यान असतं, त्यात अडीच अंश खूप झाले.

नवी चावी कंपनीचीच घ्या. आपल्या गावात लेथवर काहीही बनतं याचा मलाही अभिमान आहे, पण ही चावी बनवून घेऊ नका. उंचीला दशांश मिलीमीटरभर जास्त झाली तर फ्लायव्हील चावीवर टेकतं, टेपर हवेत राहतो, आणि नट कितीही आवळला तरी काही तासांत पुन्हा तेच.

मग टेपर बघा. दोन्ही बाजू थिनरनं पुसून कोरड्या करा. ग्रीस नाही, ऑइल नाही. लालसर-तपकिरी डाग दिसले तर तिथं फ्लायव्हील हलत होतं. चावी काढून टेपरला निळा रंग लावा, फ्लायव्हील बसवून उचला. रंग सगळीकडं सारखा लागला पाहिजे. नाही लागला तर वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टनं, चावीशिवाय, हातानं हलकं लॅपिंग करा (दोन्ही अंगं एकमेकांवर घासून बसवा) आणि पेस्टचा कणही मागं ठेवू नका. ऑइल इंजिनावर हात बसलेल्या कोल्हापूरच्या मिस्त्रींना हे काम चांगलं येतं.

बसवण्याआधी फ्लायव्हीलच्या आतून बोट फिरवा. मॅग्नेटला लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, विशेषतः इंजिन लेथ-ग्राइंडरच्या शेजारी उघडं पडलं असेल तर. मॅग्नेट हलतोय का तेही दाबून बघा. सुटलेला मॅग्नेट सरकला की स्पार्क भलत्याच वेळी पडतो. नट मॅन्युअलच्या आकड्यानं टॉर्क रेंचवर आवळा. २५ ते ४० अश्वशक्तीच्या मोटारींत हा आकडा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. हातानं दाबून त्याचा अंदाज येत नाही.

५. खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) शोधा

फ्लायव्हीलवर खुणा असतात, शेजारी काटा असतो, म्हणून काम झालं असं धरू नका. काटा वाकलेला असू शकतो, त्याचा स्क्रू सरकलेला असू शकतो, फ्लायव्हील दुसऱ्या मॉडेलचं असू शकतं. कोकणातून आलेल्या मोटारीत तर केरोसिन मॉडेलचे भाग पेट्रोल मॉडेलला लावलेले असण्याची शक्यता धरूनच चला. पिस्टन वर कधी येतो, हे पिस्टनलाच विचारायचं.

वरचा सिलिंडर म्हणजे एक नंबर. दोन्ही प्लग काढलेलेच आहेत. एक नंबरच्या भोकात पिस्टन स्टॉप लावा. फ्लायव्हील हातानं, अगदी हळू, घड्याळाच्या दिशेनं फिरवा. पिस्टन स्टॉपला टेकला की काट्यासमोर फ्लायव्हीलवर पेन्सिलची खूण करा. आता उलट फिरवा, पुन्हा टेकला की दुसरी खूण. दोन खुणांमधल्या छोट्या कमानीचा बरोबर मध्य हा तुमचा टीडीसी. मोठ्या कमानीचा मध्य घेतला तर बीडीसी (पिस्टन सगळ्यात खाली असण्याची जागा) हातात येईल, ही गफलत घाईत होते.

ही पद्धत नुसत्या डायल गेजपेक्षा पक्की आहे. टीडीसीजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो, फ्लायव्हील दोन-तीन अंश फिरलं तरी डायलचा काटा हलल्यासारखा दिसत नाही. दोन्ही बाजूंनी टेकवून मध्य काढला की ती शंका उरत नाही.

तुमची खूण आणि कारखान्याची टीडीसीची खूण जुळली तर उत्तम. थोडी चुकली आणि काट्याला लांबट भोक असेल तर काटा सरकवून जुळवा. काट्याच्या मापाबाहेर चुकली तर चौथ्या पायरीवर परत जा, किंवा फ्लायव्हीलचा पार्ट नंबर मॅन्युअलशी ताडून बघा. नवी खूण ठोकून पुढं जाऊ नका. मॅग्नेटची जागा चुकलेलीच राहील.

अंतर मोजून अंश काढायचे तर: फ्लायव्हीलचा व्यास २०० मिलीमीटर असेल तर कडेवर एक अंश म्हणजे साधारण पावणेदोन मिलीमीटर.

६. दोन नंबरचा टीडीसीही काढा

क्रँक प्रेस करून जोडलेला असेल, म्हणजे बिग एंडचं (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) काम झालं असेल, तर हे टाळू नका. तीच कृती खालच्या सिलिंडरवर करा. दोन्ही टीडीसी एकमेकांपासून १८० अंशांवर यायला हवेत. प्रेसमध्ये पिन थोडी फिरलेली असेल तर एकाचं टायमिंग बरोबर येतं आणि दुसऱ्याचं कधीच येत नाही. तुम्ही नट फिरवत बसता, एक सिलिंडर सुधारतो तेव्हा दुसरा बिघडतो. याला बाहेरून इलाज नाही. क्रँक परत काढून सेंटरवर लावून सरळ करून घ्यावा लागतो. खर्च पुन्हा होतो याची हळहळ वाटते, पण भर पुरात पिस्टन गेला तर त्या खर्चाला हिशोब नाही.

७. पल्सर, वायरी, अर्थ

दोन प्लगवायरी अदलाबदल झाल्या तर स्पार्क १८० अंश चुकतो: मोटार चालू होत नाही, फटाके मात्र मारते. काही मोटारींत एकच कॉइल दोन्ही प्लग एकदम उडवते, तिथं हा प्रश्न येत नाही. पल्सरच्या वायरी रंगानुसार मॅन्युअलमधून जुळवा. मल्टिमीटरवर पल्सर आणि चार्ज कॉइलचे ओहम बघा. पण इंजिन थंड असताना आकडा ठीक आणि तापल्यावर सुटतो असंही होतं, म्हणून गरम असतानाही एकदा मोजा.

समुद्रावरून आलेल्या मोटारीत अर्थचे बोल्ट उघडून घासाच. बाहेरून रंग चांगला दिसतो, रिंग टर्मिनलखाली हिरवी-पांढरी पूड असते. खराब अर्थमुळं स्पार्क कधी पडतो, कधी नाही, आणि टायमिंग लाइटखाली खूण नाचताना दिसते.

८. आता लिंकेजला हात लावा

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच. थ्रॉटल फिरवलं की रॉड मॅग्नेटोची (पल्सर बसवलेली) प्लेट फिरवतो आणि स्पार्क पुढं जातो. त्यात दोन टोकं असतात, हळू चालतानाचं आणि फुल ॲडव्हान्सचं. फुल ॲडव्हान्सचं टोक आधी लावा, कारण पिस्टन निकामी होतो तो तिथंच.

काही मॅन्युअल हा आकडा अंशांत देतात, काही मिलीमीटरमध्ये. मिलीमीटर असेल तर टीडीसीवर डायल शून्य करा, फ्लायव्हील आकड्याच्या मागं न्या आणि फिरण्याच्या खऱ्या दिशेनंच आकड्यावर आणा, म्हणजे बेअरिंगमधली ढिलाई मापात येणार नाही. ६० मिलीमीटर स्ट्रोक आणि १२० मिलीमीटरचा कनेक्टिंग रॉड असेल तर २२ अंश म्हणजे २.७ मिलीमीटर आणि २५ अंश म्हणजे ३.५ मिलीमीटर. म्हणजे डायल वाचताना अर्ध्या मिलीमीटरची चूक ही दोन अंशांची चूक. फ्लायव्हील तिथं धरून प्लेट फुल ॲडव्हान्सच्या स्टॉपला टेकवा आणि पल्सरची खूण फ्लायव्हीलच्या खुणेशी जुळेपर्यंत रॉडची लांबी किंवा स्टॉप बदला.

लॉकनट आवळताना रॉड फिरतो. आवळल्यावर पुन्हा तपासा. त्यानंतर कार्बोरेटरची बटरफ्लाय (हवेची झडप) कधी उघडायला लागते ते जुळवा, आणि सर्वांत शेवटी आयडल (थ्रॉटल न देता हळू चालण्याचा वेग). क्रम उलटा केला तर प्रत्येक वेळी मागचं बिघडतं.

९. टायमिंग लाइट

मोटार ड्रममध्ये, पाणी पंपाच्या वर. कोरडी काही सेकंदही चालवू नका, इम्पेलर (पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा) जळतो. प्रोपेलर काढून ठेवा. लाइटचा चिमटा एक नंबरच्या प्लगवायरवर, बाण प्लगकडं. दोरीच्या मोटारीला बॅटरी नसते म्हणून गाडीची बॅटरी लागते. सैल बाह्या, उपरणं, गळ्यातली साखळी बाजूला ठेवा, फ्लायव्हील उघडं आहे.

ड्रममध्ये फक्त हळू चालतानाचं टायमिंग आणि प्लेट सरकली की खूण सरळ सरकते का एवढंच बघा. प्रोपेलरशिवाय फुल थ्रॉटल दिलं तर इंजिन बेफाम होतं, आणि नव्या रिंगांना ते चालतही नाही. म्हणून तर फुल ॲडव्हान्स आपण बंद इंजिनावर लावून घेतलं.

१०. नदीवर ट्रायल

मे महिन्यात, पाणी शांत असताना. लाइफ जॅकेट, वल्ही, दुसरा माणूस, किल स्विचची दोरी मनगटाला. बंधाऱ्यापासून लांब राहा आणि आधी प्रवाहाच्या उलट जा, म्हणजे मोटार बंद पडलीच तर पाणी तुम्हाला परत आणून सोडेल. पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत, अधूनमधून कमी-जास्त करत.

रन-इन (नव्या भागांचे सुरुवातीचे जपून चालवायचे तास) संपल्यावर फुल थ्रॉटलला आरपीएम मॅन्युअलच्या मर्यादेत येतात का ते बघा. इथं कोल्हापूरचा एक मुद्दा आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत. हवा पाचेक टक्के विरळ, तेवढी ताकद कमी. मालवणला ज्या प्रोपेलरवर जे आरपीएम मिळत होते त्याहून इथं थोडे कमी येणारच, शिवाय मिश्रण जरा गडद राहतं. ती कसर टायमिंग पुढं ढकलून भरून काढू नका. कमी पिचचा प्रोपेलर लावा किंवा जेट बघा.

फुल थ्रॉटलवरून थेट किल स्विच ओढा आणि काठावर प्लग काढून बघा. दोन्ही सारखे, फिकट तपकिरी असले तर काम झालं. एक पांढरा आणि एक काळा असेल तर सहाव्या पायरीची आठवण ठेवा. मोटार थंड झाल्यावर फ्लायव्हीलच्या नटाचा टॉर्क पुन्हा एकदा तपासा, नट आणि फ्लायव्हील दोन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि आयडल व फुल ॲडव्हान्सचे आकडे तारखेसह झाकणाच्या आत लिहून ठेवा. पुढच्या खेपेला झाकण उघडणारा माणूस दुसराच असेल.